युरोपातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना: कागदपत्रांची तयारी, क्रमाने

युरोपातल्या एका देशात बस्तान बसलेलं असताना शेजारच्या देशातून नोकरीची ऑफर आली की बहुतेकांना वाटतं, शेंगेनमध्येच तर आहोत, सीमेवर कुणी अडवत नाही, मग कागदपत्रांची कसली चिंता? सीमेवर खरंच कुणी अडवत नाही. अडवतात ते नंतर: नगरपालिकेत, विमा कंपनीत, मुलांच्या शाळेत, कर खात्यात. आणि तिथे मागितलेला कागद बऱ्याचदा तुम्ही सोडून आलेल्या देशातच मिळणारा असतो.

त्यामुळे यादी करताना प्रत्येक कागदापुढे तीन गोष्टी लिहा: तो कोण देतं, किती दिवस ताजा मानला जातो, आणि देश सोडल्यावर तो मिळवणं किती अवघड आहे. सगळी तयारी या तीन रकान्यांवर चालते. पुढे उदाहरण म्हणून भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहणारं आणि नेदरलँड्सला निघालेलं कुटुंब घेतलं आहे. हा रस्ता आपल्या लोकांच्या पायाखालचा आहे. इतर देशांबाबत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी बघा, तुम्ही कोणत्या हक्काने जाताय

बाकी सगळं यावर ठरतं. युरोपियन युनियनमधल्या देशाचं नागरिकत्व असेल तर काम सोपं आहे. २००४ च्या मुक्त संचार निर्देशानुसार पहिले ३ महिने फक्त पासपोर्ट किंवा ओळखपत्र पुरतं, त्यानंतर राहायचं तर बहुतेक देशांत नोंदणी करावी लागते. जोडीदाराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला किंवा तिला कुटुंबीय म्हणून निवास कार्ड मिळतं, आणि अर्जानंतर ६ महिन्यांत ते देणं त्या देशावर बंधनकारक आहे. त्यासाठी मुख्य पुरावा विवाहाचा दाखला, म्हणून तो आधी तयार ठेवा.

दोघांकडेही भारतीय पासपोर्ट असेल तर हातातलं कार्ड नीट वाचा. साध्या राष्ट्रीय निवास परवान्यावर तुम्ही इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरू शकता. घर बघायला, शाळा बघायला एवढं पुरे. पण तिथे राहण्याचा किंवा नोकरी करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. त्यासाठी नव्या देशाचा परवाना नव्याने काढावा लागतो.

ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा युनियनचा निवास परवाना, याची गोष्ट वेगळी. २०२१ च्या सुधारित निर्देशानुसार पहिल्या देशात ब्लू कार्डावर १२ महिने काढल्यावर दुसऱ्या देशात ब्लू कार्डाच्याच कामासाठी जाता येतं. अर्ज तिथे पोचल्यापासून एका महिन्याच्या आत करायचा असतो, आणि निघण्याआधी जुन्या देशातूनही करता येतो. पूर्ण अर्ज दिल्यापासून ३० दिवसांच्या आत काम सुरू करू देणं त्या देशाला भाग आहे. मात्र 'पूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा. एक कागद कमी असेल तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. शिवाय आयर्लंड आणि डेन्मार्क ब्लू कार्ड योजनेत नाहीत, आणि स्वित्झर्लंड मुळात युनियनमध्येच नाही. तिकडे जाणाऱ्याने सगळं पहिल्यापासून करायचं, असंच धरून चालावं. नेदरलँड्सचा 'हायली स्किल्ड मायग्रंट' परवानाही ब्लू कार्ड नव्हे. तिथून उलट जर्मनीला जाणाऱ्यांची इथेच गफलत होते.

तिसरा प्रकार म्हणजे 'ईयू लाँग टर्म रेसिडेंट'. ५ वर्षं सलग राहिल्यावर मिळणारा हा दर्जा असेल तर दुसऱ्या देशात गेल्यापासून ३ महिन्यांत अर्ज करता येतो. जर्मनीचा नेहमीचा कायम निवास परवाना, म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउबनिस, वेगळा. दोन्ही कार्डं दिसायला सारखी असतात, पण साध्या कायम परवान्यावर दुसऱ्या देशात वसण्याचा हक्क मिळत नाही आणि ६ महिने जर्मनीबाहेर राहिलात तर तो सहसा रद्दही होतो. निघायला वर्षभर अवकाश असेल आणि दोन्हींसाठी पात्र असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: आधी लाँग टर्म रेसिडेंटचा अर्ज टाका.

सगळ्यात आधी पासपोर्ट

नव्या परवान्याची मुदत बहुतेक वेळा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर निघण्याआधी नूतनीकरण उरका. भारतीय वकिलाती स्थानिक पत्ता आणि निवास परवाना बघतात. एका देशाची नोंदणी संपली आणि दुसऱ्याचं कार्ड अजून आलं नाही, अशा अधल्यामधल्या काळात हे काम लटकतं. जुना पासपोर्ट टाकू नका. जुन्या परवान्यावर, व्हिसावर आणि बऱ्याच अर्जांवर त्याचाच नंबर असतो.

भारतातून येणारे कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सुरुवातही इथूनच करा. निघण्याच्या ४ ते ६ महिने आधी हात घालावा.

जर्मनीत पत्त्याची नोंदणी करताना जन्मदाखला सहसा कुणी मागत नाही. नेदरलँड्सच्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेत, तो पहिल्याच दिवशी मागतात, आणि तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्क्याने प्रमाणित केलेला. त्यामुळे वर्षानुवर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाकडे बाकी सगळं असतं आणि हाच एक कागद नसतो. कुटुंबातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला आणि नवरा-बायकोचा विवाह नोंदणी दाखला, हा किमान संच धरा.

महाराष्ट्रातले सध्याचे जन्मदाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन भाषेतले दाखले चालतात, त्यामुळे नवीन नमुन्यातल्या दाखल्याला भाषांतर लागत नाही. जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला असेल तर तो जपून ठेवा आणि त्याच नोंदीवरून नवीन नमुन्यातली प्रत काढून घ्या. प्रत आली की नावाचा रकाना तपासा. नामकरणाआधी नोंद झाली असेल तर बऱ्याच जुन्या नोंदींत तो कोराच असतो, नाहीतर नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असतं. असा दाखला परदेशात निरुपयोगी आहे. आधी स्थानिक निबंधकाकडे नाव चढवून घ्यायचं, मग अपोस्टिल.

अपोस्टिलचा मार्ग ठरलेला आहे: राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मूळ कागद भारतात लागतो, म्हणजे तिथे कुणीतरी घरचं माणूस किंवा एजन्सी हवी. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवलेला आहे. म्हणून भारतीय कागदावरचा अपोस्टिल जर्मन कार्यालयांना बांधील नाही; तिथे वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी करून घेण्याचीही वेळ येते. नेदरलँड्समध्ये मात्र तोच शिक्का चालतो. उलट दिशेने, म्हणजे नेदरलँड्सहून जर्मनीला जाणार असाल, तर पडताळणीत जाणारे महिने हिशेबात धरा.

क्रम उलटा करू नका: आधी अपोस्टिल, मग भाषांतर. भाषांतरात शिक्क्यावरचा मजकूरही यावा लागतो. स्पेनला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच भाषांतर लागतं, म्हणून जर्मनीत करून घेतलेलं तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

नावांचा घोळ

आपल्याकडच्या नावांची रचना युरोपातल्या कारकुनाला उलगडत नाही. समजा जन्मदाखल्यावर 'प्राजक्ता विलास सावंत' आहे, पदवीवरही तेच, आणि लग्नानंतरच्या पासपोर्टवर 'प्राजक्ता निखिल देसाई'. आडनाव बदललं हे त्याला समजतं. मधलं नावसुद्धा का बदललं, हे समजत नाही. त्याच्या दृष्टीने 'विलास' आणि 'निखिल' ही दोन्ही तिचीच पहिली नावं आहेत, कारण पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये तशीच छापली आहेत.

यावर उपाय म्हणजे साखळी दाखवणं. विवाह दाखल्यावर माहेरचं नाव असतं, तो पहिला दुवा. नाव राजपत्रात प्रसिद्ध करून बदललं असेल तर राजपत्राचं ते पान. आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र, जमल्यास तेही अपोस्टिल केलेलं. टेबलावर ठेवताना तीनही एकत्र ठेवा, वरच्या बाजूला पासपोर्टची प्रत. समजावून सांगत बसण्यापेक्षा हे लवकर पटतं.

स्पेलिंगही एकदा नजरेखालून घाला. 'देसाई' एकीकडे एका 'आय'ने, दुसरीकडे दोन 'ई'ने लिहिलं असेल तर दुरुस्ती भारतात करा, परदेशात नाही. नव्या देशाच्या लोकसंख्या नोंदीत पहिल्या दिवशी जे नाव चढतं तेच बँक, विमा, कर, शाळा सगळीकडे पसरतं आणि नंतर ते पुसायला फार वेळ लागतो.

मुलांचे कागद

मूल जर्मनीत जन्मलेलं असेल तर ते सोपं आहे. तिथल्या स्टांडेसआम्टमधून, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयातून, बहुभाषिक आंतरराष्ट्रीय जन्मदाखला मागून घ्या. युनियनमधल्या एका देशाने दिलेल्या जन्म, विवाह वगैरेंच्या सार्वजनिक दाखल्यांना दुसऱ्या सदस्य देशात अपोस्टिल मागता येत नाही; हा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. भारतातून आणलेल्या दाखल्यांना ही सवलत नाही. म्हणजे एकाच घरात मोठ्या मुलाच्या दाखल्यावर शिक्का हवा आणि धाकट्याच्या दाखल्यावर नको, असं होऊ शकतं.

शाळेचं शेवटचं प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचं पत्र आणि लसीकरणाचं पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. एकच पालक आधी मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं लेखी संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत बरोबर असू द्या.

जुन्या देशातून निघताना

इथे मुख्य कागद एकच, नोंदणी रद्द केल्याचा दाखला. जर्मनीत त्याला आबमेल्डेबेशाइनिगुंग म्हणतात. आबमेल्डुंग, म्हणजे ही नोंदणी रद्द करणं, घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यावर दोन आठवड्यांत करावं लागतं. कागद दिसायला किरकोळ असतो: नाव, जुना पत्ता, बाहेर पडल्याची तारीख, शिक्का. पण टेलिफोन-इंटरनेटचा करार, आरोग्य विमा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी, सगळं बंद करायला हाच लागतो. वर्गणी, म्हणजे रुंडफुंकबाइट्राग, आपोआप थांबेल असं समजू नका. ती वेगळी कळवावी लागते, नाहीतर पुढच्या देशात पत्रं येत राहतात.

हा दाखला घेण्याची घाई मात्र करू नका. जर्मन कायद्यानुसार कायमसाठी देश सोडला की निवास परवाना संपतो. नव्या देशाची मंजुरी किंवा अर्ज दाखल झाल्याची पोच हातात नसताना नोंदणी रद्द करून निघालात, तर दोन्ही बाजूंनी उघडे पडता. कंपनीच्या एचआरने 'चिंता करू नका, होऊन जाईल' म्हटलं तरी ती पोच ईमेलवर मागून घ्या.

त्याच आठवड्यात आणखी काही कागद जमवायचे असतात. सगळ्या जुन्या परवान्यांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती घ्या, कारण कार्ड परत मागितलं जाऊ शकतं. ब्लू कार्डावरची वेगवेगळ्या देशांतली वर्षं लाँग टर्म रेसिडेंटच्या ५ वर्षांत एकत्र मोजता येतात, फक्त शेवटची २ वर्षं अर्ज करत असलेल्या देशातली हवीत. ही बेरीज सिद्ध करायचं काम तुमचं असतं. जुनी कार्डं, नोंदणीचे दाखले आणि पगारपत्रकं नसतील तर हातातली वर्षं कागदावर नाहीशी होतात.

घरमालकाकडून भाडं थकलेलं नाही असं पत्र घ्या. नव्या शहरात घर शोधताना ते उपयोगी पडतं, आणि चावी परत करून झाल्यावर ते मागायला गेलात तर उत्तराची वाट बघत बसावं लागतं. नोकरीच्या ठिकाणाहून आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं सविस्तर प्रमाणपत्र, मागून घ्या. जर्मनीत तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मुलांसाठी किंडरगेल्ड, म्हणजे बालभत्ता, मिळत असेल तर तो देणाऱ्या फामिलिएनकासेला लगेच कळवा. जास्तीचे आलेले पैसे नंतर परत मागतात.

पोलिसांचा चारित्र्य दाखला, म्हणजे फ्यूरुंग्सत्सॉयग्निस, अगदी शेवटी काढायचा. असे दाखले साधारण ३ ते ६ महिनेच ताजे मानले जातात, म्हणून 'लागेल कधीतरी' म्हणून आधीच काढून ठेवण्यात अर्थ नाही. डॉक्टर, नर्स यांना लागणारं 'गुड स्टँडिंग'चं, म्हणजे व्यवसायात कारवाई झालेली नसल्याचं, प्रमाणपत्रही असंच नाशवंत आहे. त्यासाठी आधीच्या देशात व्यवसायाचा परवाना बघणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो.

विमा आणि नोकरीचा इतिहास

सामाजिक सुरक्षेचे हप्ते युनियनच्या देशांत एकमेकांत जोडून मोजले जातात. २०१० च्या नियमामुळे ही सोय भारतीय पासपोर्टवाल्यांनाही आहे, डेन्मार्क वगळून. देशाबाहेर पडताना दोन नावं लक्षात ठेवा. यू१ हा फॉर्म बेरोजगारी विम्याचे महिने दाखवतो. नवीन नोकरी पहिल्याच वर्षी गेली तर भत्ता ठरवताना हे महिने उपयोगी पडतात. नवी संस्था जुन्या संस्थेकडून ती माहिती थेटही मागवू शकते, पण त्याला लागणारा वेळ पगार थांबलेल्या माणसाला परवडत नाही. दुसरा, आरोग्य विम्याच्या कालावधीचा दाखला, पूर्वीच्या नावाने ई१०४. परत जर्मनीला यायची शक्यता असेल तर तो क्रांकेनकासेकडून, म्हणजे आरोग्य विमा संस्थेकडून, घेऊन ठेवा.

पेन्शनचे हप्ते परत मिळवण्याचा विचार काही जण करतात. युनियनमध्येच राहणार असाल तर तो सोडा. ते महिने तुमच्या नावावर राहतात आणि पुढे जोडले जातात. फक्त पेन्शन संस्थेकडून विमा इतिहासाचा छापील उतारा घेऊन तो महिन्यागणिक तपासा.

परवाना आणि गाडी

युनियनमधला ड्रायव्हिंग परवाना दुसऱ्या सदस्य देशात चालतो. मात्र परवान्याच्या मागच्या बाजूला ७० हा कोड आहे का ते बघा. भारतीय परवाना परीक्षा न देता बदलून घेतला असेल, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये परदेशातून आलेल्या नोकरदारांच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणाऱ्या ३० टक्के कर सवलतीच्या आधारे, तर तो कोड येतो. अशा परवान्याला तिसरा देश मान्यता देईलच असं नाही. जर्मनीत लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन मिळवलेल्या परवान्याला ही अडचण नाही.

गाडी बरोबर नेणं मला बहुतेकदा न परवडणारं वाटतं. न्यायचीच असेल तर गाडीचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र, म्हणजे सीओसी, हवं. नेदरलँड्समध्ये नोंदणीकर मोठा असतो. गाडी किमान ६ महिने तुमच्या नावावर आणि वापरात असेल तर स्थलांतराच्या सामानाखाली सूट मिळू शकते, पण अर्ज नोंदणीआधी करायचा असतो. घरच्या इतर सामानाला युनियनच्या आत सीमाशुल्क नाही. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना मात्र सामानाची यादी करून १८.४४ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

नेदरलँड्समध्ये ४ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून ५ दिवसांत खेमेन्तेत नोंदणी करायची असते. मोठ्या शहरांत वेळ मिळायलाच त्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून अपॉइंटमेंट जुन्या घरातूनच घेऊन ठेवा. तिथे बीएसएन, म्हणजे नागरिक सेवा क्रमांक, मिळतो आणि त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. इतर देशांत या नंबरची नावं वेगळी: स्पेनमध्ये एनआयई, पोर्तुगालमध्ये एनआयएफ, पोलंडमध्ये पेसेल, स्वीडनमध्ये पेर्सोननुमेर.

नोंदणीला घराचा करार लागतो, आणि इथे एक खास डच अडचण आहे. बऱ्याच भाड्याच्या जागांच्या जाहिरातीत 'नोंदणी करता येणार नाही' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जागा कितीही छान असो, अशी घेऊ नका. नोंदणी नाही म्हणजे बीएसएन नाही, आणि बीएसएन नाही म्हणजे बाकी काहीच नीट होत नाही.

आरोग्य विमा ४ महिन्यांत घ्यायचा असतो, पण हप्ता विमा बंधनकारक झाल्याच्या दिवसापासून लागतो, त्यामुळे उशीर करून पैसे वाचत नाहीत. पगारासाठी नवं खातं उघडेपर्यंत जर्मन खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, द्या. सेपा, म्हणजे युरोतल्या सामाईक बँक व्यवहारांच्या क्षेत्रातला आयबॅन दुसऱ्या देशाचा आहे म्हणून नाकारणं नियमाविरुद्ध आहे. जुना मोबाइल नंबर प्रीपेडवर जिवंत ठेवा. जर्मन बँकेचे आणि विम्याचे ओटीपी अजून त्यावरच येत असतात.

कराचे कागद

३० टक्के सवलतीची आशा असेल तर नोकरीच्या करारावर सही करण्याआधी नकाशा उघडा. कामावर रुजू होण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ पेक्षा जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा दूर राहिलेले असायला हवेत. डुसेलडॉर्फ किंवा कलोनमध्ये राहणारे यात बसत नाहीत. म्युनिक, बर्लिनवाले बसतात. पुरावा म्हणून परत तेच नोंदणीचे दाखले पुढे करावे लागतात. अर्ज ४ महिन्यांत केला तर सवलत पहिल्या दिवसापासून मिळते. २०२७ पासून ती २७ टक्क्यांवर येणार आहे, म्हणून पगाराची बोलणी करताना ३० धरून हिशेब मांडू नका.

स्थलांतराच्या वर्षी दोन्ही देशांत विवरणपत्र भरावं लागतं. नेदरलँड्समध्ये त्या वर्षासाठी एम फॉर्म असतो, आणि तो नेहमीपेक्षा बराच लांबलचक आहे. जर्मनीचं विवरणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत द्यायचं. त्यासाठी लोनस्टॉयरबेशाइनिगुंग, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, जुन्या कंपनीकडून येतो. कंपनीचं पोर्टल नोकरी सोडल्यावर बंद होतं, तेव्हा सगळ्या पगारपत्रकांसह तो येईल असा खासगी ईमेल एचआरला देऊन ठेवा. कर खात्यालाही नवा पत्ता कळवा. परतावा आणि घराची अनामत जमा होईपर्यंत जर्मन खातं बंद करू नका. अनामत यायला सहा-सहा महिने लागलेले मी ओळखीत पाहिले आहेत.